उठतो का तो शेवटी?

ग्रंथालयातून आणलेल्या कादंबरीचं शेवटचं कोरं पान मी आधी बघतो. पहिल्या पानावर 'पुस्तकात काही लिहू नये' असा जांभळा शिक्का असतो आणि शेवटच्या पानावर चार हातांची चार अक्षरं. 'छान.' 'रटाळ.' 'शेवट पटला नाही.' त्याखाली वेगळ्या शाईत, 'तुम्हाला कळलाच नाही.' ठाण्याला ही खोड जुनी असणार. इथलं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालचं, विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या सोबत्यांनी उभं केलेलं. तेव्हापासून कोणी ना कोणी पुस्तक परत करण्याआधी आपलं मत गुपचूप टिपून ठेवत आला असेल. नियम मोडून लिहिलेली ही मतं मला छापील परीक्षणांपेक्षा जवळची वाटतात. परीक्षण लिहिणाऱ्याला आपली अभिरुची सांभाळायची असते, पेन्सिलवाल्याला तसलं काही ओझं नसतं.

खोपटला आमची एक छोटी पुस्तक भिशी आहे. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमायचं, पोहे खायचे आणि पुस्तकावरून भांडायचं. मागच्या खेपेला कॉलेजातल्या एका मुलीने लिझ जेन्सन या ब्रिटिश लेखिकेची 'द नाइन्थ लाइफ ऑफ लुई ड्रॅक्स' आणली. कादंबरी २००४ची, २०१६ साली तिच्यावर सिनेमाही निघाला. लुई हा फ्रान्समधला मुलगा, लहानपणापासून अपघातांचा धनी. नवव्या वाढदिवसाला आईबापांबरोबर डोंगरात सहलीला जातो आणि दरीत पडतो. डॉक्टर गेला म्हणून सांगतात. काही तासांनी शवागारात त्याचा श्वास सुरू होतो, शुद्ध मात्र येत नाही. बाप बेपत्ता, आई उशाशी. आणि गोष्ट सांगतो कोण, तर हा कोमातला पोरगाच. चुरूचुरू बोलणारा, आगाऊ, मोठ्यांचं ढोंग नेमकं ओळखणारा. त्याला एक सोबती आहे, तोंडावर पट्ट्या गुंडाळलेला गुस्ताव. मधली प्रकरणं लुईवर उपचार करणारा डॉक्टर सांगतो, आणि हा डॉक्टर मुलाच्या आईत गुंतत चाललेला. मुलगा पडला की त्याला कोणी ढकललं, हे मी सांगत नाही. वाचणाऱ्याच्या तोंडचा घास कशाला काढा?

ज्यांना इंग्रजी जड जातं त्यांना त्या मुलीने तासभर गोष्ट ऐकवली. ती थांबली आणि तीन-चार आवाज एकदमच आले, "पण उठतो का गं तो शेवटी?" ती म्हणाली, "काकू, पुस्तक त्याबद्दल नाहीये." यावर काकूंचं तोंड असं झालं, जणू पोह्यात मीठच नसावं. मला दोघींचंही पटलं. कोमातल्या मुलाची गोष्ट हातात घेतली की वाचणारा शेवटाचीच वाट बघणार, त्याला दोष देता येत नाही.

मग मतं सुरू झाली. बँकेतून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, "बेशुद्ध माणूस इतकी टकळी चालवेल? थापा आहेत सगळ्या." दोन लहान मुलांच्या आईने पुस्तक पन्नासाव्या पानाला मिटलं होतं. "पोर आजारी असलेलं पुस्तक मी घरात ठेवत नाही," एवढंच ती बोलली, आणि यावर कोणी वाद घातला नाही, घालूही नये. एका आजींना त्यातली आई खटकली. आई अशी वागूच शकत नाही, हे त्यांचं ठाम मत. सगळ्यात शेवटी बोलल्या त्या आमच्या इमारतीतल्या सिस्टर. आयुष्यभर अतिदक्षता विभागात नोकरी करून त्या निवृत्त झाल्यात. त्या म्हणाल्या, "नर्स आहेत हो पुस्तकात. पण त्या पोराची कूस कोण बदलतं, तोंड कोण पुसतं, ते माझ्या मनासारखं आलं नाही."

या एका वाक्यावर मी नंतर बरेच दिवस अडलो. आम्ही बाकीचे सगळे शेवटाची, खरेपणाची, आईच्या काळजाची चर्चा करत होतो. ज्या बाईने अशी माणसं प्रत्यक्ष हाताळली तिला पुस्तकात पाठ दिसत नव्हती. बेशुद्ध माणसाची पाठ, माकडहाड, टाचा. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर तिथली कातडी आधी लाल होते, मग काळवंडते, मग फुटते, आणि त्या जखमेत बोट जाईल एवढा खड्डा पडतो. नाकातून पोटात गेलेल्या नळीतून मोजून पातळ अन्न द्यायचं, त्याआधी नळी जागेवर आहे ना ते तपासायचं, डोकं उंचावर ठेवायचं, नाहीतर अन्न फुप्फुसात जायचं. डोळे पुरते मिटत नसतील तर मलम घालून झाकायचे. हातापायांचे सांधे रोज हलवायचे, नाहीतर ते आखडतात. सिस्टरांनी हे सगळं सांगितलं ते पोह्यांची बशी मांडीवर ठेवून, भाजीचा भाव सांगावा इतक्या सहज.

गोष्टी सांगणाऱ्यांना ही पाठ नको असते, सिनेमावाल्यांना तर नकोच. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे मेंदूविकारतज्ज्ञ एल्को वायडिक्स यांनी २००६ साली १९७० ते २००४ या काळातले कोमा दाखवणारे ३० चित्रपट तपासले. बऱ्यापैकी खरं चित्रण त्यांना दोनच चित्रपटांत सापडलं. बाकी ठिकाणी रुग्ण गोरागोमटा, नीट दाढी केलेला, झोपल्यासारखा, आणि डोळे उघडले की लगेच शहाण्यासारखा बोलणारा. आपल्याकडे तर देवळातली घंटा वाजली की इकडे बोट हललंच पाहिजे. हसण्यावारी नेलं असतं, पण वायडिक्स यांनी त्या चित्रपटांतली दृश्यं डॉक्टरकीशी संबंध नसलेल्या ७२ प्रेक्षकांनाही दाखवली होती. त्यातल्या २८ जणांनी सांगितलं की उद्या घरच्या कोणाबाबत निर्णय घ्यायची वेळ आली तर या दृश्यांचा आपल्यावर परिणाम होऊ शकेल. खऱ्या कोमात माणूस सहसा दोन ते चार आठवड्यांपेक्षा जास्त नसतो. त्यातून तो सावरतो, जातो, किंवा डोळे उघडतो पण ओळख देत नाही. ही तिसरी वाट पडद्यावर क्वचितच दिसते, आणि घरच्यांना सगळ्यात जास्त चालावी लागते तीच.

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकड्यांवर लोक एकमेकांना आकडे सांगत असतात. डोळे उघडतो का, बोलतो का, हात-पाय हलवतो का, यावरून शुद्ध मोजायची पद्धत १९७४ साली ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी बसवली. कमीत कमी ३, पूर्ण शुद्धीत १५, आणि ८ किंवा खाली म्हणजे कोमा. घरच्यांना त्यातलं काही कळत नसतं, पण 'काल सहा होता, आज सात सांगितलाय' हे ते बोर्डाच्या निकालासारखं गावाकडे फोन करून कळवतात. न बोलणाऱ्या तान्ह्या बाळांसाठी यात वेगळे निकष आहेत, तिथे शब्दांच्या जागी रडणं आणि हुंकार मोजतात. आईला मात्र आकडा नको असतो. माझा आवाज त्याला ऐकू जातो का, एवढं एकच तिला कोणीतरी सांगायला हवं असतं.

आणि इथे बँकेतल्या काकांचं मत थोडं सैल करावं लागतं. कादंबरी येऊन दोन वर्षं झाली होती. एड्रियन ओवेन या शास्त्रज्ञाने केंब्रिजमध्ये २३ वर्षांच्या एका तरुणीचा मेंदू तपासला. रस्त्यावरच्या अपघातानंतर पाच महिने ती कशालाच प्रतिसाद देत नव्हती. तिला स्कॅनरमध्ये ठेवून सांगितलं, टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर. मग सांगितलं, मनातल्या मनात आपल्या घराच्या खोल्यांतून फिर. दोन्ही वेळा तिच्या मेंदूचे तेच भाग उजळले जे धडधाकट माणसाचे उजळतात. २०२४ साली निरनिराळ्या देशांतल्या केंद्रांनी मिळून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सांगितलेलं काहीच न करणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांच्या मेंदूने सूचना पाळल्याचं दिसलं. म्हणून लुईसारखं कोणी आत बसून गोष्ट रचत असेल असं होत नाही. काकांना मी हे सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हणजे थापा नाहीत, अतिशयोक्ती आहे." बँकेतला माणूस, हिशोब लगेच दुरुस्त करतो.

आपल्याकडे या विषयावर मत देण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता, हे तरुण मुलांना ठाऊक नसतं. परळच्या केईएममधल्या नर्स अरुणा शानबाग. २७ नोव्हेंबर १९७३ला तिथल्याच सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने त्यांचा गळा आवळून अत्याचार केला. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला आणि त्या पुन्हा कधी भानावर आल्या नाहीत. लोक सरसकट कोमा म्हणतात, पण त्यांचे डोळे उघडे असत, त्या आवाज काढत, आणि आवडीचं खाणं मिळालं की चेहरा खुले. त्यांच्यावर हरकिसन मेहतांनी गुजरातीत 'जड चेतन' लिहिलं, दत्तकुमार देसाईंनी मराठीत 'कथा अरुणाची' हे नाटक लिहिलं आणि विनय आपट्यांनी ते रंगभूमीवर आणलं. पत्रकार पिंकी विराणी यांनी १९९८ साली इंग्रजीत पुस्तक लिहिलं. पुढे त्यांनीच न्यायालयात जाऊन अरुणाचं अन्न थांबवून तिला शांतपणे जाऊ द्यावं अशी मागणी केली. पुस्तक वाचून हळहळलेल्या कित्येकांना ते रास्त वाटलं होतं.

केईएमच्या नर्सेसना ते मुळीच मान्य नव्हतं. पिढ्या बदलल्या, जुन्या निवृत्त झाल्या, नव्या भरती झाल्या, आणि प्रत्येकीने अरुणाला आपली म्हणून आंघोळ घातली, भरवलं, कूस बदलली. इतक्या वर्षांत तिला एक बेडसोअर झाला नाही, हे सगळ्या देशाने ऐकलं. ७ मार्च २०११ रोजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि ग्यान सुधा मिश्रा यांनी निकाल दिला. विराणींच्या कामाचं कौतुक करून त्यांनी सांगितलं की अरुणाच्या वतीने बोलायचा हक्क तिला सांभाळणाऱ्या केईएमच्या लोकांचा आहे. याचिका फेटाळली गेली. पण त्याच निकालाने, उच्च न्यायालयाच्या परवानगीने, उपचार काढून घेण्याची वाट पहिल्यांदा मोकळी केली, आणि ९ मार्च २०१८ला घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य करून आधीच लिहून ठेवायच्या इच्छापत्रालाही मान्यता दिली. विराणी खटला हरल्या आणि त्यांच्या हरण्यातून कायदा उभा राहिला. अरुणा १८ मे २०१५ला न्यूमोनियाने गेल्या, ४१ वर्षं पूर्ण होऊन बेचाळिसावं चालू असताना.

मी दोन्ही बाजू वाचल्या आहेत आणि आता वयाच्या या टप्प्यावर माझं मत नर्सेसच्या बाजूने झुकतं. विराणी चूक होत्या असं मी म्हणत नाही. पण पुस्तक मिटून आपण झोपायला जातो, आणि ज्याची रात्री दोनची ड्युटी आहे तो त्या माणसाची चादर बदलत असतो. सिस्टरांनी लुईच्या पाठीबद्दल विचारलं ते या हक्काने.

तरीही कादंबरीने आपलं काम सोडू नये. वॉर्डातली पाठ डॉक्टर आणि नर्स लिहून ठेवतात, केस पेपरवर त्याची रोज नोंद होते. मुलाच्या डोक्यात काय चाललं असेल याची नोंद कुठल्याच कागदावर नसते. तिथे जायची मुभा लेखकालाच आहे, आणि जेन्सनबाई तिथे गेल्या, पोराला रडवं न करता वात्रट ठेवून गेल्या. माझ्या मते पुस्तक वाचनीय आहे, शेवट किंचित ताणलेला आहे, आणि ज्यांच्या घरी सध्या कोणी आजारी आहे त्यांनी ते आत्ता वाचू नये. पेन्सिल हातात असती तर एवढंच लिहिलं असतं.

आणखी एक सांगतो. खोपटच्या एसटी स्टँडवर पहाटे उतरणाऱ्यांत दवाखान्यात निघालेली माणसं ओळखू येतात. थर्मास, गोल डबा, घडी केलेली चादर आणि एक्स-रेचं मोठं पाकीट पोटाशी धरलेलं. आत कोणाला पाहता येईल ते मिनिटभर, बाकीचा दिवस बाकड्यावर. अशा माणसाला आपण काय सांगतो? 'आमच्या ओळखीत एक जण सहा महिन्यांनी उठला, तुम्ही धीर धरा.' ऐकणारा मान हलवतो, आणि मनात सहा महिन्यांचं डिपॉझिट मोजतो. तुमच्या इमारतीतलं कोणी आज अशा बाकड्यावर बसलं असेल, तर कोमातून उठलेल्यांच्या गोष्टी घरी ठेवा. संध्याकाळी डबा घेऊन जा, एक रात्र त्यांच्या जागी तुम्ही बसा, आणि त्यांना घरी जाऊन सहा तास झोपू द्या.