कोचावर डॉक्टर

"मावशी, 1932 साली बुडापेस्टमध्ये मनोविश्लेषक शान्दोर फेरेंत्सी स्वतःच्याच रुग्णापुढे कोचावर आडवा झाला, हे मला काही पटत नाही."

"मागणी तिची होती. एलिझाबेथ सेव्हर्न, अमेरिकन बाई. तुमच्या मनात माझ्याविषयी राग आहे आणि तोच उपचाराच्या आड येतोय, असं तिचं म्हणणं. बराच काळ तो नाही म्हणाला, मग कबूल झाला."

"राग होता?"

"होता. डायरीत लिहिलंय त्यानं. खरं सांगितल्यावर ती निवळली आणि त्याचाही तिच्यावरचा आकस कमी झाला."

"म्हणजे पद्धत बरोबर?"

"थांब जरा. कोचावरचा नियम एकच, मनात येईल ते बोलायचं. आता डॉक्टरच तसं बोलू लागला, तर त्याच्या बाकीच्या रुग्णांची गुपितं कुठे जातील? तिथं तो अडकला."

"मग फ्रॉइडचंच बरं. डॉक्टरनं आरसा व्हावं."

"सांगणारा फ्रॉइड स्वतः कुठे आरसा राहिला? भुकेल्या रुग्णाला जेवूही घातलंय त्यानं. फेरेंत्सीचं म्हणणं मात्र मला डाचतं. मुलावर अन्याय होतो आणि मोठी माणसं काही घडलंच नाही असं वागतात. मूल मोडतं ते या खोटेपणानंही. मनात वैतागलेला आणि तोंडावर गोड बोलणारा डॉक्टर दुसरं काय करतो?"

"मग रुग्णाला जेवढं जाणवलंय तेवढंच कबूल करावं."

"जाणवलंय की नाही, हे ठरवणार कोण? पुन्हा डॉक्टरच."

"तिनं विचारलं तरच बोलावं."

"सेव्हर्न विचारू शकली. ती स्वतः मानसोपचार करायची, तिच्या नावावर पुस्तकं होती. माझ्याकडच्या बाया खुर्चीच्या टोकावर बसतात. 'मॅडम, तुम्हाला माझा कंटाळा येतो का' असं त्या विचारणार आहेत होय?"

"तू काय करतेस?"

"फार चिडले तर विषय मीच काढते. बहुतेकदा बाई मोकळी होते. एकजण मात्र नंतर आलीच नाही."

"फोन करायचास."

"सुटली म्हणून आली नाही की दुखावली म्हणून, हे कळून तिला काय मिळणार होतं? झोप मला लागली असती."