उसने देण्याजोगे

आपली वस्तू म्हणायची ती नेमकी कोणती? वेदांत्यांना विचारावे तर ते म्हणतात, कोणतीच नाही. हे उत्तर बँकेच्या काउंटरवर चालत नाही. आम्ही पडलो बी. कॉम.वाले. मालविक्रीचा १९३० सालचा कायदा परीक्षेपुरता पाठ केलेला. पैसे मोजले, माल घेतला, की मालकी आपली. मामला खलास.

मग धाकट्या भावाने ई-रीडर पाठवला. शाळेतल्या पाटीहून लहान, पण पोटात हजारो पुस्तके मावतात. पडदा कागदासारखा, उन्हातही वाचता येतो. अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. चाळिशीतल्या आणि चाळिशी लावणाऱ्या माणसाला आणखी काय हवे? पण बँकेत राहून बारीक अक्षरातल्या अटी वाचायची खोड लागलेली. तिथे लिहिले होते, पुस्तक विकलेले नाही, वाचायचा परवाना दिला आहे. म्हणजे पैसे खरेदीचे आणि हक्क भाडेकरूचा! २००९ साली अमेरिकेत ॲमेझॉनने काही गिऱ्हाइकांच्या किंडलमधून विकलेले पुस्तक परस्पर काढून घेतले होते. विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते म्हणे. पैसे परत दिले, मागून माफीही मागितली. पण पुस्तक कोणते? तर ऑरवेलचे '१९८४', ज्यात सरकार नको ते कागद गडप करते! नियतीलाही विनोदबुद्धी असते.

ते यंत्र शबनममध्ये टाकून मी नेरजवळच्या एका गावी खंजिरी भजनाच्या स्पर्धेला गेलो. तुकडोजी महाराजांना (१९०९–१९६८) जाऊन इतकी वर्षे झाली, पण आमच्या वऱ्हाडात त्यांची खंजिरी काही खाली ठेवली गेली नाही. भगव्या टोप्या, टाळ, पेटी, आणि बोटांखाली कडकडणारी ती खंजिरी. बायांची मंडळे तर पुरुषांना मागे टाकतात. एक मंडळ उतरून दुसरे चढेपर्यंत माईकवाला 'हॅलो, हॅलो' करतो, तेवढ्यात माझी दोन पाने होत.

शेजारी एक बुवा येऊन टेकले.

"काय हाय साहेब हे?"

"पुस्तकं आहेत, बुवा. शंभरेक असतील."

"मंग एखांदं द्या ना मले. गुरुवारी वापस आणून देतो."

झाली पंचाईत! एक द्यायचे तर सगळी द्यावी लागतात, आणि सगळी दिली की माझ्याजवळ फक्त चार्जर उरतो.

आणि हे बुवा? रात्रभर भजने वाटत होते. अर्ध्या गावाने ती तोंडपाठ करून नेली, तरी त्यांची शिल्लक पैशानेही घटली नाही. असला खातेदार आमच्या लेजरात बसतच नाही. मात्र त्यांची बाजू अगदीच भक्कम समजू नका. भजनांची वही त्यांच्या वडिलांच्या हातची. चार पाने वाळवीने खाल्लेली, आणि ती भजने आता कोणालाच पुरी येत नाहीत. माझ्या यंत्राला वाळवी लागत नाही. शिवाय एकट्याने, कोणी टाळ न धरता, निवांत वाचण्यातही सुख आहे. ते मी सोडणार नाही. फक्त त्या पुस्तकांना 'माझी' म्हणताना जीभ अडखळते, कारण शेजाऱ्याला आठ दिवस देता येऊ नये ती वस्तू आपली कशी? परक्यांच्या ठेवी कर्जाऊ देणाऱ्या खात्यातल्या माणसाने हे विचारावे, हेही खरेच.

माझी अडचण ऐकून बुवा हसले. "राहू द्या," म्हणाले, आणि आपलीच वही माझ्या हाती ठेवली. "उतरवून घ्या. गुरुवारी आणा, म्हणजे झालं."

पावती नाही, तारण नाही. सध्या रोज रात्री जेवणानंतर बॉलपेनने उतरवतो आहे. पंख्याने पाने उडतात म्हणून वर ई-रीडर ठेवावा लागतो. अजून तेवीस पाने बाकी आहेत, आणि आज मंगळवार.