रास्त भाव कोणता?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या घरच्या जुन्या संगणकाला एकाएकी एक खोड जडली. चालता चालता तो मध्येच बंद पडे आणि आपोआप पुन्हा सुरू होई. या संगणकात एक मोलाचा ठेवा होता. माझ्या दिवंगत आईने आमच्या वसईच्या बोलीत म्हटलेली २७ लग्नगीते मी ध्वनिमुद्रित करून त्यात ठेवली होती.

आमच्या धर्मग्रामात, चर्चच्या रस्त्यावर, माझ्याच एका माजी विद्यार्थ्याचे संगणक दुरुस्तीचे छोटेसे दुकान आहे. त्याच्याकडे तपासणी व दुरुस्ती मिळून ५०० रुपये पडतात, हे मला ठाऊक होते. स्टेशनजवळच्या एका नव्या दुकानाच्या फलकावर मात्र ‘कोणतीही दुरुस्ती फक्त १५० रुपयांत’ असे ठळक अक्षरांत लिहिले होते. विद्यार्थ्याच्या दुकानासमोरून रिक्षा जाताना मी जरासा आत सरकून बसलो, हे कबूल केले पाहिजे. आणि संगणक स्टेशनजवळ नेऊन दिला.

संध्याकाळी तो परत मिळाला. चालूही झाला. पण आतले सारे काही पुसले गेले होते. “फॉरमॅट मारल्याशिवाय चालतच नव्हता,” असे मला सांगण्यात आले. आत काय आहे, ते राखायचे आहे का, हे मला कोणी विचारले नव्हते; मीही आपण होऊन सांगितले नव्हते. चौथ्या दिवशी संगणक पूर्वीसारखाच बंद पडू लागला, तेव्हा मान खाली घालून मी विद्यार्थ्याच्या दुकानाची पायरी चढलो.

त्याने यंत्र उघडले, रॅमची पट्टी काढली, तिच्या सोनेरी कडेवर साधा खोडरबर दोन-चार वेळा फिरवला आणि पट्टी पुन्हा जागेवर बसवली. रोग एवढाच होता. फॉरमॅटची मुळी गरजच नव्हती. पुसली गेलेली गीते शोधण्यासाठी मात्र त्याला दोन रात्री जागावे लागले. हार्ड डिस्कवर ज्या जागी नव्याने काही लिहिले गेले नव्हते, तेथील ११ गीते हाती लागली. उरलेली १६ कायमची गेली. त्याने १,२०० रुपये सांगितले. आणि वाचकहो, तेव्हादेखील माझ्या तोंडून निघून गेले, “अरे, थोडे कमी कर की!”

तो हसला. म्हणाला, “सर, तुम्ही द्याल ते घेईन. पण तिकडे १५० रुपयांत कसे परवडते, याचा जरा विचार करा. त्यांनी काय काय केले नाही, ते तुम्हाला दिसत नाही ना!”

त्याच्या या शब्दांनी मला अस्वस्थ केले. स्वस्तात काम करून देणारा दुकानदार शेजाऱ्यावर अन्याय करतो काय? महाग दर घेणारा आपोआप प्रामाणिक ठरतो काय? आणि दोघांच्या मध्ये उभा असलेला गिऱ्हाईक, म्हणजे तुम्ही-आम्ही, या व्यवहारात अगदीच निर्दोष असतो काय?

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, कमी दर हे काही पाप नव्हे. एखादा होतकरू मुलगा घरच्या ओटीवर टेबल मांडून दुरुस्ती करतो. त्याला गाळ्याचे भाडे नाही, हाताखाली माणूस नाही. एखादा लॅमिंग्टन रोडवर स्वतः जाऊन, चार दुकाने हिंडून सुटे भाग स्वस्तात मिळवतो. अशांनी दर कमी ठेवले तर ती त्यांच्या काटकसरीची व मेहनतीची फळे होत. ज्या घरात मुलाच्या अभ्यासासाठी महत्प्रयासाने एक जुना संगणक आला आहे, त्या घराला वाचलेले ३५० रुपये फार मोठे असतात. अशी स्पर्धा कोणाला टोचली, तर तिला अन्याय म्हणता येणार नाही.

पण दर कमी करण्याची दुसरीही एक वाट आहे. दोष न शोधताच सरसकट फॉरमॅट करायचे. मूळ अधिकृत प्रणालीच्या जागी चोरीची प्रत घालायची. जुन्या यंत्रातून काढलेला भाग नवा म्हणून बसवायचा. संरक्षक व्यवस्था नसलेला नकली चार्जर अस्सल म्हणून द्यायचा. येथे काटकसर झालेली नसते. येथे कामातून काहीतरी गुपचूप वजा केलेले असते.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात ‘सुम्मा थिओलॉजिका’ या ग्रंथात खरेदी-विक्रीतील फसवणुकीचा स्वतंत्र विचार केला आहे. विक्रेत्याने मालातील दोष सांगितलाच पाहिजे काय, या प्रश्नाचा ऊहापोह करताना ते घोड्याचे उदाहरण देतात. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल, तर ते उघड दिसणारे व्यंग आहे. किंमत त्या मानाने कमी केली असेल तर विक्रेत्याने त्याचा पुकारा करण्याची गरज नाही. मात्र दोष लपलेला असेल व त्यामुळे घेणाऱ्याला धोका किंवा नुकसान पोहोचणार असेल, तर तो सांगणे विक्रेत्याला बंधनकारक आहे.

या कसोटीला आपण आपल्या परिचयाच्या व्यवहारांवर लावून पाहू. आमच्या गावची बाई दादरच्या बाजारात भाजी घेऊन बसते, तेव्हा गिऱ्हाईक जुडी उलटीपालटी करून पाहतो, तोंडली मोडून पाहतो. तेथे बहुतेक दोष आंधळ्या घोड्यासारखे उघड असतात. संगणकाच्या दुरुस्तीत मात्र सारेच झाकलेले. पेटीचे चार स्क्रू आवळले की चांगले काम आणि वाईट काम बाहेरून सारखेच दिसते. दिसतो तो फक्त दर. म्हणून या धंद्यात सत्य सांगणे हा सौजन्याचा भाग राहत नाही. गिऱ्हाईक ज्याचे पैसे मोजतो, त्या कामाचाच तो भाग होतो.

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हेच वेगळ्या मार्गाने दाखवून दिले. विकणाऱ्याला मालाची प्रत ठाऊक आहे, पण घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात घेणारा चांगल्या मालालाही चांगली किंमत द्यायला कचरतो. त्यामुळे चांगला माल हळूहळू बाजारातून मागे हटतो आणि वाईट तेवढा उरतो. २००१ साली अकरलॉफ यांना अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. चर्चच्या रस्त्यावरील छोट्या दुकानाला नेमके हेच भय आहे. आपण हरू ते आपले काम वाईट म्हणून नव्हे, तर चांगले काम कोणाला दिसत नाही म्हणून, हे त्याला कळत असते.

कायदा येथे फारसा मदतीला येत नाही. २००२ च्या स्पर्धा कायद्याने, प्रतिस्पर्ध्याला संपवण्यासाठी खर्चापेक्षा कमी दरात विकण्याला मनाई केली आहे खरी, परंतु ती बाजारात वर्चस्व असलेल्या उद्योगांना लागू होते. दोन छोट्या गाळ्यांमधील चढाओढ त्यात बसत नाही. तेथे सदसद्विवेकबुद्धीलाच निवाडा करावा लागतो.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ सालच्या आपल्या ‘रेरूम नोव्हारूम’ या परिपत्रकात मजुरीविषयी एक मूलगामी विचार मांडला. मालक आणि मजूर यांनी खुशीने ठरवलेला करारही नैसर्गिक न्यायाहून वरचढ नसतो. काटकसरीने राहणाऱ्या श्रमिकाचा चरितार्थ चालेल एवढी मजुरी त्याला मिळालीच पाहिजे. पोप बोलत होते ते कामगारांविषयी. पण एकट्याने दुकान चालवणारा दुरुस्तीवाला स्वतःच मालक आणि स्वतःच मजूर असतो. त्याच्याशी घासाघीस करताना आपण मालकाचा नफा कमी करतो आहोत असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात कात्री लागते ती त्याच्या दोन रात्रींच्या मजुरीला.

असो. येथवरचे विवेचन छोट्या दुकानदाराला गोड वाटेल. आता दोन शब्द त्यालाही सांगितले पाहिजेत. शेजारी स्वस्त आहे म्हणून तो लबाडच असला पाहिजे, असा प्रवाद उठवण्याचा अधिकार कोणालाही नाही. तसेच ‘आम्ही प्रामाणिक’ एवढे म्हणून वाटेल तो दर लावता येत नाही. रास्त भाव मागणाऱ्याने तो रास्त का आहे, हे दाखवून दिले पाहिजे. माझा विद्यार्थी आता ते करतो. यंत्र उघडण्यापूर्वी तो विचारतो, “आत राखण्यासारखे काय आहे?” तपासणीचे पैसे वेगळे, दुरुस्तीचे वेगळे, असे तो कागदावर लिहून देतो. बदललेला जुना भाग पिशवीत घालून गिऱ्हाइकाच्या हाती ठेवतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नियमित सांभाळ कंपनीने थांबवला. तेव्हापासून पुष्कळजण जुनी यंत्रे घेऊन त्याच्याकडे येतात. ज्यांच्या यंत्राला नवी प्रणाली पेलणार नाही, त्यांना तो स्पष्ट सांगतो, “यावर खर्च करू नका.” त्या सांगण्याचे त्याला फक्त तपासणीचे पैसे मिळतात. कित्येक जण तेवढेही द्यायला कुरकुरतात. कारण, त्यांच्या मते, त्याने काही केलेच नाही!

येथे गिऱ्हाइकाचे कर्तव्य सुरू होते. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ च्या आपल्या ‘कारितास इन वेरिताते’ या परिपत्रकात बजावले आहे की, खरेदी ही निव्वळ आर्थिक कृती नसून नैतिक कृतीही असते. ज्याला परवडत नाही त्याने स्वस्त दुकान शोधावे. त्याला दोष कोण देईल? पण मला ५०० रुपये परवडत होते. १५० रुपयांत कोणतीही दुरुस्ती कशी होते, हा प्रश्न मी फलकाला विचारला नाही, कारण उत्तर मला नको होते. त्या दुकानाने न विचारता फॉरमॅट केले, हा त्याचा दोष. न विचारण्यात मीही त्याचा भागीदार होतो.

शेवटी मी त्याला १,२०० रुपये दिले. त्याने २०० परत करू पाहिले, ते मी घेतले नाहीत. यात मोठेपणा कसला? ते त्याचेच होते. उरलेल्या ११ गीतांच्या आता तीन ठिकाणी प्रती ठेवल्या आहेत. हळदीच्या दिवशीचे एक गाणे मात्र गेले ते गेलेच. नातीच्या लग्नात ते लावायचे ठरले होते. त्याचे दोन चरण मला आठवतात, पुढचे आठवत नाहीत. आणि ज्यांना विचारावे, अशी माणसे आता गावात फारशी उरलेली नाहीत.