ओल्या भिंतीवरचा रंग



आज गीतेचा सोळावा अध्याय, पहिले दोन श्लोक. दैवी संपत्तीची यादी. ही यादी मी कितीतरी वेळा वाचली आहे, पण एक गोष्ट परवापर्यंत खटकली नव्हती. पहिला श्लोक 'आर्जव' या शब्दावर संपतो आणि दुसऱ्यात 'सत्य' येतं. (आपल्या रोजच्या बोलण्यात आर्जव म्हणजे विनवणी, पण इथे अर्थ आहे सरळपणा.) आता जो खरं बोलतो तो सरळ असणारच ना? मग दोन वेगळे शब्द कशाला? आमच्या कोडमध्ये असं डुप्लिकेट दिसलं तर रिव्ह्यूमध्ये कुणीतरी लगेच कमेंट टाकेल.

आता एका भिंतीची गोष्ट सांगतो.

पुण्यात आमचा एक छोटा फ्लॅट आहे, भाड्याने देतो. बेडरूमची एक भिंत बाथरूमला लागून. दोन वर्षांपूर्वी तिथे लोणा धरला, पोपडे सुटायला लागले. रंगाऱ्याला बोलावलं. त्याने खराब गिलावा पाडून नवा केला आणि म्हणाला, "महिनाभर सुकू द्या. आणि पाणी कुठून येतंय तेही बघा." पण एक तारखेला भाडेकरू येणार होते. मी नवव्या दिवशी पुट्टी, प्रायमर आणि रंगाचे दोन हात मारून घेतले. भिंत काय सुंदर दिसत होती!

घर बघायला जोडपं आलं, कडेवर आठ महिन्यांचं बाळ. त्यांनी विचारलं, "रंग नवीन आहे का?" मी म्हणालो, "हो, याच आठवड्यात दिलाय." खरं होतं. पावसाळ्यात त्यांनी भिंतीचा फोटो पाठवला. रंगाला फुगे आलेले, बाळाचा पाळणा हॉलमध्ये हलवलेला. मी लिहिलं, "पावसाळ्यात होतं थोडं." हेही खरं. त्यांनी घर सोडलं तेव्हा डिपॉझिटमधून रंगकामाचे १६ हजार कापले. अॅग्रीमेंटमध्ये तसं लिहिलेलंच होतं.

गेल्या महिन्यात दुसरे रंगारी काका आले. पत्र्याने रंग खरवडताना एक मोठा पापुद्रा निघाला, मागे सगळी ओलसर भुकटी. "साहेब, ओल्या भिंतीवर कुणी मारला हा रंग?"

मी म्हणालो, "आधीच्या पेंटरने."

हेही खरंच होतं हो! ब्रश त्याच्याच हातात होता. पण ज्या माणसाने मला थांबायला सांगितलं होतं, त्याच्याच नावावर मी ते ढकललं. त्या रात्री पोथी उघडली तेव्हा यादीत दोन वेगळे शब्द का आहेत ते कळलं. माझी तिन्ही वाक्यं सत्याच्या टेस्टमध्ये पास होती. सरळ त्यातलं एकही नव्हतं.

तुम्ही म्हणाल, रंग हा झाकायलाच असतो. पुट्टी तर मुळात खड्डे बुजवायलाच. इंटरव्ह्यूला जाताना आपणही इस्त्रीचा शर्ट घालतो, ते काय ढोंग झालं? मीही स्वतःशी हाच वाद घातला. पण काकांनी भिंतीचं गणित समजावलं तेव्हा वाद टिकला नाही. नव्या गिलाव्याला पहिला आठवडा आपणच पाणी मारतो, त्याशिवाय सिमेंटला ताकद येत नाही. मग तेच पाणी बाहेर पडायला साधारण २८ दिवस द्यायचे, हवा दमट असेल तर जास्त. ताजं सिमेंट भयंकर अल्कधर्मी असतं, पीएच १२ च्या वर. पाणी बाहेर येताना क्षार सोबत आणतं. पाणी उडून जातं, पांढरे क्षार मागे राहतात. वाटेत रंगाचा पापुद्रा असेल तर तो ढकलला जाऊन सुटतो. सुकलेल्या भिंतीतला खड्डा ही होऊन गेलेली गोष्ट. ती बुजवली तर कुणाचं नुकसान नाही. ओल मात्र आत अजून चालू असते. मी तिला कोंडलं, आणि ती फुटेल तेव्हा शेजारी कुणाचा पाळणा असेल हे मला दिसत होतं. माझ्या मते फरक इथे आहे. झाकलं किती यापेक्षा, झाकलेल्याची किंमत कोण मोजणार हे मला माहीत होतं का?

यावेळी आधी वरच्या मजल्यावरच्या काकूंशी बोललो. त्यांच्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपचा जोड गळत होता. तो दुरुस्त झाल्यावरच गिलावा केला. काकांनी एक सोपी युक्तीही शिकवली: भिंतीवर प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवायचा आणि रात्रभर ठेवायचा. सकाळी आतून थेंब दिसले तर थांबायचं. मी १२ व्या दिवशी लावला, थेंब. २० व्या दिवशी, थेंब. आज सकाळी २६ वा दिवस, फक्त एका कोपऱ्यात थोडी वाफ.

जुन्या भाडेकरूंना १६ हजार परत पाठवले, सोबत खरं काय झालं तेही लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं: "पैसे मिळाले." बस, एवढंच. आणखी काहीतरी येईल अशी मी वाट बघत होतो हे कबूल करतो. आधीच्या रंगाऱ्याचा नंबर आता लागत नाही.

काल नवीन जोडपं घर बघायला आलं. न विचारताच सांगितलं की या भिंतीला ओल होती, गळती बंद केली आहे, पण एक पावसाळा गेल्याशिवाय खात्री देता येणार नाही. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि भाडं दीड हजाराने कमी करायला सांगितलं. बायको म्हणते, देऊन टाक. मी "उद्या कळवतो" म्हणालोय.