दाखला एकाचा, हात दुसऱ्याचे

जून 2022 मध्ये एका रात्री लोणीच्या पुढे महामार्गाच्या कडेला मी बराच वेळ उभा होतो. बांधकाम खात्यातून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, पण डांबराचा वास आला की पाय अजून थांबतात. अमरावती–अकोला रस्त्याचं काम तेव्हा अखंड चाललं होतं. 3 जूनला सकाळी सुरू झालेलं डांबरीकरण 7 जूनला संध्याकाळी पाचला थांबलं. 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर लांबीची एक मार्गिका पूर्ण झाली आणि राजपथ इन्फ्राकॉन या कंपनीच्या नावावर गिनीज विक्रम नोंदला गेला. आधीचा विक्रम कतारमधला होता, 25 किलोमीटरच्या थोडा वर. या रस्त्याच्या खड्ड्यांनी आम्हा वऱ्हाडकरांचे किती हाल केले, ते आठवून मला मनापासून आनंद झाला.

डंपरची रांग, पेव्हर, रोलर, दर खेपेचं तापमान तपासणारी तरुण मुलं, चुकतमाकत नव्हे तर घड्याळावर चाललेलं ते काम पाहताना मला भातकुलीकडचा एक मुलगा आठवला. हे सगळं त्याला कुणी शेजारी उभं राहून दाखवायला हवं होतं.

आपल्या राज्यात बांधकामाची छोटी सरकारी कामं सुशिक्षित बेरोजगार अभियंते, मजूर सहकारी संस्था आणि खुले कंत्राटदार यांच्यात प्रमाण ठरवून वाटण्याची पद्धत आहे. बरीच वर्षं ते प्रमाण 33:33:34 असं होतं. मागचा हेतू चांगला आहे, आजही मला तो पटतो. हा मुलगा भूमिहीन शेतमजुराचा, घरातला पहिला पदविकाधारक. लॉटरीत त्याला एका गावरस्त्याचं काम लागलं. कागद घेऊन तो माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, “साहेब, काम तं भेटलं. आता म्या करू कसं?”

त्याच्याकडे रोलर नव्हता. क्रशरवाला उधारीवर गिट्टी देईना. बँकेला तारण हवं होतं. पहिलं रनिंग बिल निघायला चार महिने लागतील, तोवर मजुरांचा आठवडा कशातून द्यायचा, हे पदविकेच्या कोणत्याच पुस्तकात नव्हतं. शेवटी एका मोठ्या कंत्राटदाराने काही टक्के देऊन ते काम त्याच्याकडून घेतलं. रस्ता झाला, बरा झाला. मोजमाप पुस्तकात नोंदी मी केल्या, सह्या त्याच्या. काम पूर्ण झाल्याचा दाखलाही त्याच्याच नावाने निघाला. त्या रस्त्यावर तो सलग एक दिवसही उभा राहिला नव्हता. मला हे माहीत होतं आणि मी गप्प राहिलो. ती चूक माझी आहे.

त्याच काळात उलटं उदाहरणही माझ्या डोळ्यांसमोर होतं. दर्यापूरकडचा एक पेटी कंत्राटदार. दहा-बारा वर्षं मोठ्या कंपन्यांच्या हाताखाली त्याने मोऱ्या बांधल्या. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात मोरी बांधणं सोपं नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, आणि पाणी खारं. एकदा सिमेंटला पाणी मारायला टँकर जवळच्या विहिरीवर लावला, तर हा धावत आला. “थ्या इहिरीचं पानी नोका घेऊ साहेब, सळई खाते थे.” गोडं पाणी कुठे मिळेल, हे त्याला गावागणिक पाठ होतं. पण सरकारदरबारी त्याचं नाव कुठेच नाही. निविदेत ‘समान स्वरूपाचे काम केल्याचा दाखला’ मागतात. तो निघतो मुख्य कंत्राटदाराच्या नावाने.

एकाकडे कामाशिवाय दाखला, दुसऱ्याकडे दाखल्याशिवाय काम. नुसतं आरक्षण या दोघांपैकी कुणालाच कंत्राटदार बनवू शकलं नाही.

केंद्राचं 2012 चं खरेदी धोरण आहे. केंद्रीय खाती आणि सार्वजनिक उपक्रमांनी आज 25 टक्के खरेदी सूक्ष्म-लघु उद्योगांकडून करायची, त्यात 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि 3 टक्के महिलांच्या उद्योगांकडून. पण ते वस्तू आणि सेवांपुरतं आहे, रस्ते-मोऱ्यांची बांधकामं त्यात येत नाहीत. ऑक्टोबर 2016 मध्ये लुधियानात राष्ट्रीय एससी-एसटी हबची सुरुवात झाली. त्यातून नोंदणी, प्रशिक्षण, खरेदीदारांशी ओळख अशी मदत मिळते. त्याआधी 2005 मध्ये पुण्यात मिलिंद कांबळे यांनी ‘डिक्की’ ही दलित उद्योजकांची संघटना उभी केली, तीही याच गरजेतून. हे सगळं मोलाचं आहे. तरी तीन दिवसांच्या प्रशिक्षणवर्गात बिल निघेपर्यंत पैसा कसा फिरवायचा ते अंगी येत नाही.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने 1990 च्या कायद्याने जो मार्ग धरला, तो मला म्हणूनच विचार करण्यासारखा वाटतो. मोठा कंत्राटदार एका छोट्या, मागे राहिलेल्या उद्योगाला लेखी कराराने शिकवतो, आणि त्याबद्दल त्यालाही काही मिळतं. लघुउद्योगांसाठीच्या तिथल्या दुसऱ्या योजनेत दोघं मिळून राखीव कामाची निविदा भरू शकतात, मात्र भागीदारीच्या वाट्याच्या कामातलं किमान 40 टक्के काम छोट्याने स्वतः करायचं असतं. नावापुरत्या भागीदाऱ्या तिथेही उघडकीस आल्या. पण तपासायला अट तरी आहे. आपल्या पेटी पद्धतीत तपासणार काय?

मी मागतो ते फार नाही. महामार्गाच्या किंवा नांदगाव पेठच्या वस्त्रोद्योग पार्कच्या मोठ्या कामात मुख्य कंत्राटदारासोबत एक स्थानिक छोटा कंत्राटदार करारात नावानिशी असावा. ठरावीक मोऱ्या, ठरावीक गटारं त्याची. मोजमाप त्याच्या नावावर, बिल थेट त्याच्या खात्यात, दाखला खात्याच्या सहीचा. मुख्य कंत्राटदाराच्या अभियंत्याने त्याला दर आठवड्याला काय शिकवलं, याची नोंद मोजमाप पुस्तकाइतक्याच काळजीने ठेवावी. आणि खाऱ्या विहिरीची गोष्ट त्या अभियंत्याला छोट्याने सांगितली, तर तीही त्याच वहीत लिहावी.

भातकुलीचा तो मुलगा आता चाळिशीत आहे. कागद त्याने पुन्हा कधी विकला नाही, कामही पुन्हा घेतलं नाही. गेल्या हिवाळ्यात तो भेटला, तेव्हा मी त्याला दर्यापूरच्या त्या माणसाचा पत्ता दिला. दोघं एकदा बसले आहेत. गावातल्या एका नालीचं काम निघायचं आहे, अंदाजपत्रक मी तपासून देणार आहे.