आधी चालत होतं ना?

‘कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ’ ही म्हण खरं तर कावळ्याच्या बाजूची आहे. फांदी आतून कुजलेली होती, त्या बिचाऱ्याचा काय दोष, असं ती सांगते. पण आपण ती कधी वापरतो, ते आठवून पाहा. बहुधा आपणच कावळा असतो तेव्हा. दुसरा कुणी फांदीवर बसलेला असला, की आपल्याला म्हण आठवत नाही, कावळाच दिसतो.

जुनी आर्केड मशीन दुरुस्त करताना हा प्रश्न मला वारंवार भेटतो. आर्केड मशीन म्हणजे कपाटाएवढं लाकडी खोकं, त्यात टीव्हीसारखा मॉनिटर, एक जॉयस्टिक आणि नाणं टाकायची फट. ‘पॅक-मॅन’ १९८०चा. जपानमध्ये तो नाम्कोने काढला, अमेरिकेत मिडवेने. त्याच्या सर्किट बोर्डावर झेड-८० नावाचा ४० पायांचा प्रोसेसर सॉकेटमध्ये बसवलेला असतो. त्या बोर्डासाठी आता मल्टिगेम किट मिळतात. झेड-८० उपटायचा, त्या सॉकेटमध्ये एक छोटं कार्ड खोचायचं आणि प्रोसेसर त्या कार्डावर बसवायचा. कार्डाच्या मेमरीत त्याच जातीच्या हार्डवेअरवर चालणारे बरेच गेम असतात. मशीन चालू केली की मेनू येतो. काम अर्ध्या तासाचं, आणि बहुतेक वेळा सोल्डरिंगसुद्धा लागत नाही.

किट घालणं म्हणजे मूळ वस्तू बाटवणं, असं मानणारेही आहेत. त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की ‘मिस पॅक-मॅन’ स्वतःच एक किट होती. जनरल कॉम्प्युटर कॉर्पोरेशन या कंपनीतल्या तरुणांनी ‘क्रेझी ऑटो’ नावाने ती पॅक-मॅनच्या बोर्डासाठी केली आणि मग मिडवेने ती घेतली. आजही मिस पॅक-मॅनचं मशीन उघडलं तर आत पॅक-मॅनचा बोर्ड सापडतो, आणि झेड-८०च्या सॉकेटमधून निघालेली रिबन केबल एका जोडबोर्डाला गेलेली दिसते.

तर किट बसवलं, स्विच दाबला, आणि पडद्यावर अक्षरांचा नुसता कचरा. तो जातच नाही. किंवा गेम सुरू होतो, दोन मिनिटांनी परत पहिल्यापासून, परत पहिल्यापासून. बोर्डावर ‘वॉचडॉग’ नावाची एक सोय असते. प्रोग्रामने तिला ठरावीक वेळात ‘मी ठीक आहे’ असं कळवलं नाही, तर ती सगळं रिसेट करते. म्हणजे हे वारंवार रिसेट होणं हा आजार नव्हे, कुठेतरी आजार आहे याची ती हाकाटी.

अशा वेळी मशीनच्या मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: “किट घालेपर्यंत व्यवस्थित चालत होतं.” हे वाक्य जवळजवळ नेहमी खरं असतं. त्यातून सिद्ध काय होतं, हा प्रश्न वेगळा.

आपल्याकडच्या नैयायिकांनी या प्रश्नावर बारकाईने विचार केला होता. कुंभाराकडे माती गाढवावरून येते. मडकं घडण्याआधी गाढव तिथे होतंच. मग ते मडक्याचं कारण का? नाही, असं ते म्हणतात. अशा आधी असलेल्या पण कारण नसलेल्या गोष्टींना त्यांनी ‘अन्यथासिद्ध’ असं नाव दिलं. १७व्या शतकातल्या विश्वनाथाच्या ‘भाषापरिच्छेदा’त त्यांचे पाच प्रकार आहेत आणि पाचव्यात हे गाढव आहे. कारण ओळखायची त्यांची कसोटी अन्वय-व्यतिरेकाची: ते असताना कार्य होतं का, आणि ते नसताना होत नाही का?

दुरुस्ती करणारा नेमकं हेच करतो. किट काढा, जुना झेड-८० परत बसवा, बघा. चालला गेम? मग किटच खराब.

इथे एक गोम आहे. चाळीस वर्षं जुन्या सॉकेटच्या धातूवर ऑक्साइडचा थर चढलेला असतो. चिप उपटून परत बसवली की पाय घासले जातात आणि तो थर खरवडला जातो. म्हणजे तपासताना तुम्ही नकळत थोडी दुरुस्तीही करून बसता. किट काढल्यावर गेम चालला तो किट गेल्यामुळे की सॉकेट घासल्यामुळे, हे एका फेरीत कळत नाही. म्हणून काढ-घाल तीन-चारदा करावी लागते. एवढा धीर फार थोड्यांना असतो, आणि एका फेरीत निकाल आपल्या मनासारखा लागला की मुळीच नसतो.

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या एका मित्राच्या मशीनवर मी ही काढ-घाल चारदा केली. चारही वेळा किट असताना रिसेट, नसताना गेम सुरळीत. कसोटीला किट पुरतं उतरलं. मित्राला पैसे परत हवे होते. किट बनवणारा घरून एकट्याने काम करणारा माणूस. “तू फक्त लिहून दे, किट फॉल्टी आहे म्हणून,” मित्र म्हणाला.

मी मल्टिमीटर घेऊन झेड-८०च्या ११व्या पायावरचा दाब मोजला. किट नसताना ४.७३ व्होल्ट, असताना ४.६१. या बोर्डावरच्या चिपना ४.७५ ते ५.२५ लागतात. मग बोर्ड काढून त्याच्या कडेचा कनेक्टर पाहिला. ट्रान्सफॉर्मरकडची वीज याच कनेक्टरमधून बोर्डावर येते आणि तिचे ५ व्होल्ट बोर्डावरच होतात. तिथल्या काही पट्ट्या जळून काळ्या पडल्या होत्या. पट्ट्या साफ करून त्यांवर नवं कथील चढवलं, कनेक्टर बदलला. आता किटसकट ४.९६ आणि रिसेट बंद.

मग कारण कोण? किट थोडी जास्त वीज ओढत होतं, हे खरं. ते नसतं तर त्या दिवशी बिघाड झाला नसता, हेही खरं. कनेक्टर धड असता तरीही झाला नसता. अन्वय-व्यतिरेक दोघांनाही लागू पडतो. कारणं शोधून संपली तरी दोष कुणाचा हे ठरत नाही. ते ठरतं ४.७५ या आकड्याने, म्हणजे कुणाकडून किती अपेक्षा धरायची हे आधी ठरलेलं असल्यामुळे. बोर्ड ती अपेक्षा किट येण्याआधीपासूनच पुरी करत नव्हता. तो ‘चालत होता’ तो नशिबावर.

माणसांच्या बाबतीत असा आकडा कुठे छापलेला नसतो, तिथे सगळी पंचाईत. लग्नानंतर वर्षभरात सासरा गेला की सून ‘पांढऱ्या पायाची’. तिथे तर ती निव्वळ गाढव आहे, मडक्याशी संबंधच नाही. हे निदान उघड अन्यायाचं असतं. अवघड प्रकार पुढचा. घरातली एक बाई तीस वर्षं गप्प बसून सगळं रेटते आहे. सून येते आणि पहिल्याच महिन्यात विचारते, “तुम्ही सगळ्यांच्या नंतर का जेवता?” घरात भांडण पेटतं. ती आली नसती तर पेटलं नसतं, हे कबूलच करायला हवं. ऑफिसात नवा आलेला मुलगा हिशेबातली तफावत दाखवतो आणि टीम फुटते, तिथेही तेच. “आधी सगळं चालत होतं” असं म्हणणारे खोटं बोलत नसतात. ते मीटर लावून पाहत नाहीत, एवढंच. आणि पाहायचं म्हटलं तर घर किती व्होल्टवर चालायला हवं, यावरच भांडण होईल.

नवा आलेला नेहमी निर्दोषच असतो, असंही नाही. कार्डाचा वाकलेला पाय, कच्चं सोल्डर, हे मी पाहिलेलं आहे. शिवाय आपलं कार्ड किती वीज खातं, हे विकणाऱ्याने सांगायला नको का? या किटबरोबर आलेल्या कागदावर तसं काही नव्हतं. मला वाटतं, तेवढा दोष त्याच्याकडे जातो.

मित्राला मी लिहून दिलं ते एवढंच: आधीचे दोन आकडे, नंतरचा एक, जळलेल्या पट्ट्यांचा फोटो, आणि कागदावर विजेची गरज लिहावी अशी सूचना. त्याने ते पाठवलं की नाही, मी विचारलं नाही. मशीन आता छान चालते. परवा त्याच्याकडे पाहुणे आले होते, त्यांना तो कौतुकाने मेनू दाखवत होता. मग म्हणाला, “किट घातल्यावर बिघडली होती, याने दुरुस्त केली.”

शब्दशः पाहिलं तर त्यात काहीच खोटं नव्हतं. मी चहा घेतला.