अर्ध्या तासाचें वचन

वचन देणारा आणि वचन पाळण्यासाठीं झिजणारा हे दोघे एकच असावेत, असें आपण सहसा गृहीत धरून चालतों. हरिश्चंद्राच्या आख्यानाचें सारें तेज या गृहीतावर अवलंबून आहे. तथापि तें आख्यान ऐकतांना विचारी श्रोत्याच्या मनास एक कांटा टोंचतोच. वचन राजानें दिलें. बाजारांत मात्र तारामती व रोहिदास हींही उभीं राहिलीं. राजा स्वतःही डोंबाघरीं विकला गेला, म्हणून तो कांटा सुसह्य होतो. समजा, राजा सिंहासनावर बसून राहिला असता आणि केवळ पत्नीपुत्रांना विकून त्यानें आपला शब्द खरा केला असता, तर आपण त्याला सत्यवचनी म्हटलें असतें काय? हा जुना प्रश्न अलीकडे अगदीं क्षुद्र रूप घेऊन आपल्या दारीं येऊं लागला आहे. तें रूप म्हणजे पुठ्ठ्याच्या पेटींतून येणारा गरम पिझ्झा.

पिझ्झा हा पदार्थ आम्हांस अपरिचित नव्हता. परंतु मोठ्या साखळीच्या दुकानांतून तो घरबसल्या मागविण्याचा प्रसंग गेल्या आषाढांत प्रथमच आला. घरांतील तरुण मंडळींनीं मोबाइलवर मागणी नोंदविली. अर्ध्या तासांत पदार्थ न पोंचल्यास किंमत माफ, असें दुकानाचें अभिवचन होतें. नकाशावर एक चिमुकली दुचाकी सरकूं लागली आणि मंडळींचें लक्ष तिच्यापेक्षां घड्याळाकडेच अधिक लागलें. बाहेर पुण्याचा पाऊस पडत होता. चौतिसाव्या मिनिटाला घंटा वाजली. पेटी कोरडी होती. आणणारा मुलगा नखशिखांत भिजलेला होता. तो आपण होऊन म्हणाला, "काका, उशीर झालाय, पैसे नका देऊ." आम्हीं पैसे पुढें केले, तेव्हां तो संकोचला. यंत्रांत बिल शून्य झालें होतें. ते पैसे मांडावयाचे कोठें, हेंच त्याला कळेना.

त्यावरून घरांत वाद झाला. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, हा सरळ करार आहे. दुकानानें अट घातली, तीच मोडली, तेव्हां फुकट खाण्यांत संकोच कसला? दुसरा पक्ष म्हणाला कीं, पाऊस त्या मुलानें पाडला नव्हता. त्याच्या भिजण्याचें बक्षीस आपण घ्यावें हें शोभत नाहीं. आम्हांस दोन्ही पक्ष वाटेंतच थांबल्यासारखे वाटले. आपण पैसे दिले काय किंवा न दिले काय, ते चार मिनिटांचे ऊन त्या मुलाच्या नांवावर आधींच चढलें होतें. आपल्या औदार्यानें फार तर आपलें मन शांत झालें असतें. खरा प्रश्न असा कीं, अशा प्रकारचें वचन मुळांत कोणी मागावें काय, आणि कोणी द्यावें काय?

या वचनाला एक बोधप्रद इतिहास आहे. अमेरिकेंत मिशिगन प्रांतांतील इप्सिलँटी या गांवीं 1960 सालीं टॉम मोनॅहन व त्याचा भाऊ यांनीं एक लहान दुकान विकत घेतलें. तेंच पुढें 'डॉमिनोज' म्हणून प्रसिद्धीस आलें. अर्ध्या तासाची हमी तेथें पुढें देण्यांत येऊं लागली आणि तिनें व्यापाराला मोठें बळ दिलें. परंतु 1989 मध्यें सेंट लुईस शहरीं, तांबडा दिवा ओलांडून आलेल्या पिझ्झावाल्याच्या गाडीची धडक बसून एक स्त्री जखमी झाली. 1993 च्या अखेरीस पंचांनीं तिला सुमारें 7 कोटी 80 लाख डॉलर देण्याचा निर्णय दिला, आणि कंपनीनें अमेरिकेंतील ती हमी मागें घेतली.

कंपनीच्या बाजूनें नेहमीं असें सांगण्यांत येई कीं, वेळ रस्त्यावर वांचवावयाचा नसून स्वयंपाकघरांत वांचवावयाचा असतो. पिझ्झा भट्टींत थोडक्याच मिनिटांत भाजतो आणि दुकानाची हद्दही लहान असते. हें म्हणणें खोटें नव्हे, अपुरें आहे. भट्टीचीं मिनिटें ठरलेलीं असतात, म्हणून तीं कोणी कमी करूं शकत नाहीं. पीठ पसरणाऱ्याकडून झालेला उशीर, मागणीची गर्दी, खोदलेला रस्ता, बंद पडलेला सिग्नल, या साऱ्यांची बाकी शेवटच्या माणसाच्या खात्यावर पडते. कारण ज्याला अजून घाई करतां येते असा तोच एक उरलेला असतो.

मग वक्तशीरपणाच वाईट काय? मुंबईचे डबेवाले या प्रश्नाचें उत्तर देतात. 1890 च्या सुमारास महादेव हावजी बच्चे यांनीं सुरू केलेल्या त्या कामांत दुपारच्या जेवणाची वेळ चुकवून भागत नाहीं. परंतु तेथें वेळेचा शब्द देणारा आणि डबा डोकीवर घेऊन धांवणारा हे वेगळे नाहींत. टोळीचे लोक स्वतःच धंद्याचे धनी असतात आणि मिळकत आपसांत सारखी वांटून घेतात. गाडी चुकली तर खाली मान सर्वांची जाते, एकट्याची नव्हे. त्यांचा वक्तशीरपणा व्यवस्थेंतून व अब्रूंतून आला आहे. पिझ्झाच्या वचनांतील घाई भयांतून येते. बाहेरून पाहणाऱ्यास दोन्ही सारख्याच दिसतात, हाच धोका आहे.

कायद्याचें लक्ष या नव्या श्रमिकाकडे गेलें नाहीं असें नाहीं. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत यंत्राच्या द्वारें काम मिळविणाऱ्यांची स्वतंत्र व्याख्या आहे व त्यांच्या अपघातविम्याची तरतूदही सुचविली आहे. परंतु विमा पडल्यावरचा विचार करतो. पळावयास लावणाऱ्या घड्याळाचा करीत नाहीं. तें घड्याळ आपल्या हातीं आहे. मुलगा जिना उतरतो न उतरतो तोंच, त्याला किती तारे द्यावयाचे असें आपणांस विचारण्यांत येतें. आपल्याला न विचारतां आपल्याला मुकादम नेमलेलें असतें, आणि नवल हें कीं, तें पद आपणांस आवडूं लागतें.

म्हणून आम्हांस वाटतें कीं, कोणतेंही आकर्षक अभिवचन समोर आलें म्हणजे तें पाळलें जाईल काय, एवढेंच विचारून भागणार नाहीं. तें मोडूं नये म्हणून कोण झिजणार, हेंही विचारलें पाहिजे. चार मिनिटें उशिरा आलेल्या पिझ्झानें आमचें कांहींच बिघडलें नव्हतें. ज्या हानीचा आम्हांस स्पर्शही झाला नाहीं, तिची भरपाई आम्हांस मिळाली. आणि ज्याला ती झाली, त्यानेंच ती आणून दिली. "पाऊस आहे, तासभर लागेल" असें सांगणारें दुकान आमच्या मतें अधिक सत्यवचनी होय; मग त्याचा पिझ्झा थोडा निवालेला असला तरी चालेल.